म्यानात घट्ट बसलेला सुरा

कोंढाळगडाच्या शिकारखान्यात त्या सकाळी एकंदर सतरा सुरे होते. सांबरशिंगी मुठीचे नऊ, शिसवी मुठीचे पाच, हस्तिदंती तीन. अठराव्याची खुंटी रिकामी होती. बाहेर झुंजूमुंजू होत होते. खिंडीतून वर चढलेले धुके तटाला असे भिडले होते की, पायथ्याशी वेढा घालून बसलेल्या करंबोळीकर देसायांच्या राहुट्या तर सोडाच, पण चार हातांवरचा पहारेकरीही नुसत्या खोकल्यावरून ओळखावा लागत होता.

अठरावा सुरा मैनाबाईंच्या मांडीवर होता, आणि त्याला हात लावायची त्यांना भीती वाटत होती.

मैनाबाई म्हणजे किल्लेदार पिराजीरावांची एकुलती लेक. आजोबांपासून चालत आलेले हे शिकारीचे सुरे त्यांच्या ताब्यात होते, तसाच आता गडही होता. कारण गडावरचे धान्य सरत आले तेव्हा पिराजीराव स्वतः कडा उतरून, वेढ्यातून निसटून मेव्हण्याकडे कुमक मागायला गेले होते. निघताना ते म्हणाले होते, "कागद पकडला जातो, जबान उलटते. माझा सुरा घेऊन येईल, त्याच्याच शब्दावर उत्तरेची दिंडी उघडायची."

आणि आज धारोजी नावाचा एक जवान तोच सुरा घेऊन कडा चढून आला होता. रावसाहेब दोनशे माणसे आणि दाणागोटा घेऊन दिंडीखालच्या कारवीत दबा धरून आहेत, दिवस कासराभर वर येताच दिंडी उघडावी, असा निरोप त्याने आणला होता.

"बाईसाहेब, अजून कसला विचार?" गडाचे म्हातारे सरनोबत सटवोजी दारातून म्हणाले. "म्यान आपलेच आहे. तुमच्या आईसाहेबांनी घातलेला हा टाका मी आंधळा झालो तरी बोटांनी ओळखेन. धुके विरले तर रावसाहेब उघड्यावर सापडतील!"

म्यान आपलेच होते. भीती त्याचीच होती.

कारण सुरा म्यानात घट्ट बसला होता, तो ओढून उपसावा लागला होता. वडिलांचा, आबासाहेबांचा, सुरा म्यानात खडखडत असे; ते सदरेच्या पायऱ्या चढत आहेत हे माणसांना त्या आवाजावरूनच कळे. जुना सुरा ओळखायला मैनाबाई त्यांच्याकडूनच शिकल्या होत्या. जितकी शिकार, तितकी धार. जितकी धार, तितके पाते अरुंद. म्यान मात्र होते तेवढेच राहते. कोणी रिकामे म्यान समोर ठेवून त्याच्या मापाने पाते घडवले, तर ते असेच घट्ट बसेल.

पण मग आबासाहेबांचे म्यान शत्रूच्या हाती लागले होते; सुरा बहुधा त्यांनी पकडले जाण्याआधीच दरीत फेकला असावा. सुरा खोटा ठरवणे म्हणजे आबासाहेब गेले असे आपल्याच तोंडाने म्हणणे. आणि समजा, त्यांनी वाटेत नवे पाते बसवून घेतले असेल तर? तर लेकीने दिंडी बंद ठेवली म्हणून ते कारवीत कापले जातील. पदराने तळहात पुसून त्या सदरेवर गेल्या.

"धारोजी, आबासाहेब कसे आहेत?"

"ठणठणीत! म्हणाले, मैनेला सांग, भाकऱ्या थापून ठेव."

"पीठ असेल तर थापेल ना!" सटवोजी हसले. कितीतरी दिवसांनी ते हसत होते, आणि ते हसू मैनाबाईंना बघवेना.

"पाते सुरेख दिसते," त्या जमेल तितक्या सहज म्हणाल्या. "आबांनी नवे बसवून घेतले वाटते?"

धारोजीने क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिले.

"भलतेच, बाईसाहेब! थोरल्या रावांचेच, तुमच्या आजोबांचेच पाते हे. ज्याने त्यांनी रानडुक्कर लोळवले, तेच. खोटे बोलत असेन तर, भवानीआई, माझी जीभ झडो."

त्याने 'हो, पाते नवे आहे' असेच म्हणावे म्हणून मैनाबाई देवाची करुणा भाकत होत्या. त्यांनी शिकारखान्यातला एक सुरा मागवला. एकाच लोहाराने, एकाच दिवशी, आबांच्या खऱ्या सुऱ्याच्या जोडीने घडवलेला, पण कधीच वापरात न आलेला. दोन्ही पाती शेजारी ठेवून प्रत्येकाच्या रुंदीवर मधोमध जवाचे दाणे आडवे रांगेने मांडले.

"मोजा, काका."

"सोळा," सटवोजी म्हणाले. दुसऱ्या पात्यावर त्यांचे बोट अडखळत सरकले. "सोळा."

"खंडेनवमीला मी हत्यारे पुसली, तेव्हा आबांच्या पात्यावर बारा बसले होते. दोन पिढ्यांची धार, काका. दसऱ्यानंतर लोखंड वाढले का?"

सटवोजींच्या चेहऱ्यावरचे हसू मावळायच्या आत धारोजीने झडप घातली. सुरा उचलून, मैनाबाईंना केसांनी मागे खेचून त्याने पाते त्यांच्या गळ्याला लावले.

"दिंडी उघडा, नाहीतर ही गेली!"

सटवोजींचा हात तलवारीवर गोठला. पाते गार होते. त्याखाली आपलीच नस उडताना मैनाबाईंना कळत होती.

"काका," त्या म्हणाल्या, "दिंडी उघडायची नाही. माझे काही झाले तरी."

सटवोजींनी जवळची पेटती समईच धारोजीच्या तोंडावर भिरकावली. तेल उडाले, तो ओरडला, आणि पहारेकऱ्यांनी त्याला फरशीवर दाबले. मैनाबाईंच्या मानेवर बोटभर चीर उमटली होती.

"म्यान तुझ्या बापानेच दिले!" फरशीवरून धारोजी ओरडला. "गुडघे टेकून, पाठ दाखवून! खूणही त्यानेच सांगितली, जिवाच्या भीतीने!"

दिवस कासराभर वर आला. दिंडी उघडली नाही. तटावरून कारवीत धोंडे लोटले, तेव्हा धुक्यातून किंकाळ्या आल्या आणि देसायांची माणसे झाडोरा मोडत खाली पळाली. पुढे पिराजीरावांच्या मेव्हण्यांना उशिरा का होईना बातमी लागली. ते पिछाडीवर चालून आले आणि वेढा उठला. पण गडावर कोपऱ्याकोपऱ्यांत एकच कुजबूज होती: खूण गनिमाला कळली कशी? रावसाहेबांनी खरेच पाठ दाखवली का? मैनाबाई आल्या की ती थांबे. त्या रात्र रात्र जाग्या राहत.

धारोजीच्या बदल्यात देसायांनी पिराजीरावांचा देह मिठात घालून पालखीतून पाठवला. अंघोळ घालायला बायका आल्या, त्यांना मैनाबाईंनी बाहेर थांबवले. सटवोजींना दिवा धरायला सांगितला, स्वतःच्या हातांनी रक्त आणि मीठ धुतले, देह एकदा उताणा, एकदा पालथा केला, आणि सदरेवर खोळंबलेल्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले:

"जखमा एकंदर नऊ. छातीवर चार, उजव्या दंडावर तीन, दोन्ही तळहातांवर एकेक. पाठीवर एकही नाही."