फुंकरसाठी अँप्लिफायर

बोलणारा बोलतोय आणि स्पीकरमधून येतेय नुसती खरखर, असं का व्हावं?

नीलू रडकुंडीला आली होती. समोर टेबलावर माइकपाशी फुंकर बसला होता. दूरच्या ग्रहावरचा हा पाहुणा महिनाभर तिच्या घरी राहत होता. त्याच्या ग्रहावरची हवा इतकी दाट, की तिथे कुजबुजलं तरी लांबवर ऐकू जातं. त्यामुळे त्याचं बोलणं म्हणजे कानाशी मारलेली हळूच फुंकर! नीलूनं नाव ठेवलं ते त्यावरूनच. आणि आला कुठे, तर इचलकरंजीत! यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली इथली माणसं शेजारच्यालाही हाक मारतात ती चार घरं ओलांडून. त्यांना फुंकर मुकाच वाटला. "बिचारं मुकं लेकरू!" असं शेजारच्या होगाडेकाकू ओरडून म्हणायच्या, तेव्हा नीलूचा जीव तुटायचा.

आज संध्याकाळी फुंकर परत निघणार होता. त्याआधी गल्लीनं त्याचं बोलणं ऐकलंच पाहिजे, असा नीलूनं पणच केला होता. सगळी गल्ली अंगणात जमवली. आणि पुढे केलं काय, तर इचलकरंजीकरानं करावं तेच! गणपती मंडळाचा भलादांडगा अँप्लिफायर (आवाजाचा क्षीण विद्युतसंदेश बलवान करणारं यंत्र) उचलून आणला आणि आजोबांच्या पुस्तकांच्या कपाटातले दोन छोटे स्पीकर खिडकीत ठेवून त्याला जोडले.

"बटण अजून फिरव की गं!" बाहेरून कुणीतरी ओरडलं. तिनं फिरवलं. खरखर अशी वाढली, की फुंकर कान झाकून टेबलाखाली शिरला.

"अगं थांब, स्पीकर जाळशील!" तिचे आजोबा, आबा, धावत आले. आबा ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे) होते.

"पाचशे वॅटचा आहे, आबा!" (वॅट म्हणजे विजेच्या ताकदीचं माप.) "तरी पुरत नाही."

"आधी माइकची वायर काढ. आता कुणाचा आवाज आत जात नाहीये. तरी काय ऐकू येतंय?"

"खरखर! म्हणजे ती या अँप्लिफायरचीच?"

"त्याचीच. प्रत्येक अँप्लिफायर स्वतःशी थोडं पुटपुटतोच. हा तर जरा जास्तच. मांडवातल्या गलक्यात ते कोण ऐकतंय? पण हे स्पीकर फार तल्लख आहेत. यांची संवेदनक्षमता (मोजक्या विजेत किती मोठा आवाज निघतो ते) जास्त आहे. साध्या स्पीकरला दहा वॅट लागतात तेवढा आवाज हे एका वॅटमध्ये काढतात. मग ती पुटपुटही..."

"तीही मोठ्यानं ऐकवतात!" नीलूनं टुणकन उडी मारली. "म्हणजे यांना ताकद थोडी चालेल, पण गप्प बसणारा अँप्लिफायर हवा!"

"शाब्बास!" आबांनी फळीवरून जेवणाच्या डब्याएवढा पाच वॅटचा अँप्लिफायर काढला. "आता दोघांची जोडी जुळते का बघ. स्पीकरचा विद्युतरोध (विजेच्या वाटेतला अडथळा) आठ ओहम. अँप्लिफायरवरही आठच लिहिलंय. झेपेल याला."

नीलूनं वायरी जोडल्या, बटण दाबलं. काहीच ऐकू येईना. "आबा, हा बंद पडलाय का?"

"दिवा लागलाय बघ. कुणी बोललंच नाही, तर ऐकू काय येणार?"

फुंकर टेबलाखालून बाहेर आला आणि माइकशी गेला. आणि अंगणभर एक स्वच्छ, कोवळा आवाज पसरला.

"होगाडेकाकू, मी रोज सकाळी तुम्हाला नमस्कार म्हणत होतो."

काकूंनी सवयीनं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आबा," नीलू म्हणाली, "आकाशातून आणखी कितीजण असं हळू बोलत असतील?"

"असतील पुष्कळ. तुझ्यासारखं कुणीतरी यंत्रं जोडून बसायला हवं."

काकू फुंकरजवळ आल्या, वाकल्या आणि गल्लीनं कधी ऐकली नव्हती इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "नमस्कार रे बाळा. परत ये. तुझी सगळी माणसं घेऊन ये. आम्ही हळू बोलायला शिकतो की."