सीटखालच्या दोन खुणा

"गाडी रिकामी करा," खिडकीबाहेरचा माणूस म्हणाला.

रविवारचे सकाळचे आठ वाजायला आले होते आणि मी चुकून रांगेत उभी होते. बंद पडलेल्या प्रदर्शन-सभागृहामागचं ते अवाढव्य पार्किंग एरवी ओस असायचं. बाबांनी मला गाडी शिकवली ती तिथेच. ते गेल्यापासून, म्हणजे सात महिने, मी दर रविवारी गाडी तिथे नेऊन अर्धा तास नुसती बसत असे. त्या दिवशी फाटकाशी कोणीतरी हात करून आत घेतलं, पुढच्या गाडीमागे लावलं, आणि मी लागले. त्या दिवसांत कोणी काही सांगितलं की मी करत असे. सोपं पडायचं.

"रिकामी कशाला?"

"सुटं काही आत ठेवायचं नाही. वळणावर येऊन डोक्यात बसतं." त्याच्या कानामागे खडू होता आणि हातातल्या पाटीवर तपासणीच्या कागदांची चळत.

"मी भाग घ्यायला आले नाही."

"मग रांगेत का उभ्या आहात?"

मी मागे फाटकाकडे बघितलं. त्याने ते होकारार्थी धरलं आणि डिकी उघडायला लावली. डिकीत लांब दांड्याची छत्री, टॉर्च, चष्म्याचं घर, खोकल्याच्या गोळ्यांची डबी आणि अकरा पुस्तकं होती. तो बराच वेळ बघत राहिला.

"गाडी आहे की वाचनालय?"

"ग्रंथपालाची गाडी आहे."

"तुम्ही ग्रंथपाल?"

"मी लोकांचे कान तपासते. किती ऐकू येतं ते."

"बरं झालं आलात. इथे माझं कोणी ऐकत नाही." त्याने एक पुस्तक उचललं, पाठीवरचा मजकूर वाचला, खाली ठेवलं. "मी लिफ्ट दुरुस्त करतो. सहा दिवस वर-खाली. रविवारी डावं-उजवं."

तोवर मला अंदाज आला होता. मोकळ्या मैदानावर नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट केलेली होती. एका वेळी एकच गाडी त्यातून पळत होती, आणि तिची वेळ मोजली जात होती. याला ऑटोक्रॉस म्हणतात, आणि त्यांचा हंगाम त्याच रविवारी सुरू झाला, हे मला नंतर कळलं. शर्यतीच्या खास गाड्या नव्हत्याच त्या. रोज ज्या गाडीने कामावर जायचं आणि भाजी आणायची, तीच.

"बसा. क्लच शेवटपर्यंत दाबा."

दाबला. म्हणजे सीटवरून घसरत जाऊन दाबला. पाठीमागची एक उशी निसटून खाली पडली. तिच्यामागे दुसरी होती.

"या उश्या?"

"पाठीला."

"सीट पुढे घ्या ना."

"नाही घेता येत."

त्याने खाली हात घालून बघितलं. "दांडा तर चालतोय."

"मी दांड्याबद्दल बोलत नाहीये."

तो मग उकिडवा बसला, खिडकीच्या पातळीला. "कोणाची जागा आहे ही?"

"बाबांची."

अशा वेळी सगळे जे वाक्य म्हणतात ते तो म्हणाला नाही. सीटपासून पेडलपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि म्हणाला, "उंच होते."

"दारातून वाकून यायचे."

"मग मला सही करता येणार नाही. गाडीला काही झालेलं नाही. पण तुम्हाला ब्रेक पुरता लागणार नाही." तो अगदी हळू बोलला. रांगेतल्या मागच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून, हे माझ्या लक्षात आलं. आवाजाच्या बाबतीत माझ्या लक्षात येतं.

मला सुटल्यासारखं वाटलं. गाडी बाजूला घेतली, निघणार, तेवढ्यात छत्रीखालच्या घडीच्या खुर्चीतून माइकवरचा आवाज आला. वेळ मोजणाऱ्या बाई निवृत्त गणित शिक्षिका होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत आणि त्या सगळ्यांना पोरांनो म्हणत, पोरं पन्नाशीची असली तरी.

"पळवायची नसेल तर शंकू उचला. आलेलं माणूस इथे रिकामं बसत नाही."

तो तिथला रिवाज होता. स्वतःची पाळी नसली की मैदानात उभं राहायचं. प्रत्येक शंकूभोवती खडूने चौकोन आखलेला. गाडीचा धक्का लागून शंकू पडला, की धावत जाऊन त्याच चौकोनात उभा करायचा आणि मावशींना हात करायचा. मग पळवणाऱ्याच्या वेळेत दोन सेकंद वाढायचे. मला नारिंगी जाकीट मिळालं आणि चौथं वळण मिळालं. तीन तासांत मी चौदा शंकू उभे केले. इतकं ठरलेलं काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

जाताना तो गाडीशी आला. "यातलं एखादं पुस्तक द्याल वाचायला?"

मी सगळ्यात पातळ होतं ते काढलं.

"जाडं द्या," तो म्हणाला. "मी सावकाश वाचतो."

घरी आईने जेवताना माझ्या उन्हाने लाल झालेल्या नाकाकडे बघितलं. "कुठे होतीस?"

"शंकू उचलत होते."

आई वाद घालत नाही, चमचा खाली ठेवते. तिने चमचा खाली ठेवला. "ती गाडी तू चालवतेस की सांभाळतेस?"

"आई."

"नाही, विचारलं. दिवाणखान्यातल्या दोन उश्या कुठे गेल्या हे मला माहीत नाही असं वाटतं का तुला?"

पंधरा दिवसांनी पुन्हा शंकू मांडले गेले तेव्हा मी चुकून गेले नाही. गाडी घरीच रिकामी केली होती. फक्त टॉर्च राहिला होता, आणि उश्या.

"नायिका चाळीस पानं झाली, खिडकीत उभी आहे," तो म्हणाला. नमस्कार वगैरे काही केला नाही.

"उतरते ती पुढे."

"कितव्या पानावर?"

"सांगणार नाही."

"म्हणजे वाचावंच लागणार..." त्याने पुस्तकाचा मुडपलेला कोपरा माझ्यापासून लपवला. ग्रंथपालाच्या मुलीला तो दिसायचा तो दिसलाच. मग तो म्हणाला, "मी एक विचार केलाय. सीटचा. रागावणार नसाल तर सांगतो."

"सांगा."

"आमच्याकडे लिफ्ट उघडायची तर काहीही हलवायच्या आधी खूण करतात. कुठली पट्टी नेमकी कुठे होती. नाहीतर परत बसवताना ज्याला त्याला आपलंच खरं वाटतं." त्याने खिशातून जाड पेन काढलं. "हा खडू नाही, रंग आहे. पिवळा. सहजी जात नाही."

मी सीटखालच्या दांड्याकडे बघितलं. तो घाईला आला नाही. मागे रांग होती. माइकवरून मावशींनी दोनदा खाकरून दाखवलं. तरीही तो तसाच उभा होता, जशी एखाद्या मजल्यावर दार उघडं धरून ठेवलेली लिफ्ट उभी असते.

"करा," मी म्हटलं.

तो डांबरावर आडवा झाला. मी बाबांचा टॉर्च धरला. "ही पट्टी सीटबरोबर सरकते," सीटखालून आवाज आला, "आणि ही खाली पक्की आहे. दोन्हींवर मिळून एकच रेघ ओढतोय. कधीही या दोन रेघा जुळवल्या, की सीट होती तिथेच. केसाचाही फरक नाही." मग तो बाहेर आला आणि कपाळावरचा पिवळा डाग पुसायला लागला, तो पसरला. "दांडा तुम्ही ओढा. मी नाही ओढणार."

मी ओढला. सीट खट् खट् करत पुढे आली. नऊ दाते. उश्या मी त्याच्या हातात दिल्या. दोन्ही पाय पुरते पोचले आणि बॉनेटचं टोक मला प्रथमच दिसलं. एवढंच झालं. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

त्याने कागदावर सही केली.

नव्या माणसाशेजारी पहिल्या फेरीला जुना माणूस बसतो. तो बसला. दोन हेल्मेटं एकमेकांवर आपटली.

"माफ करा," मी म्हटलं.

"वरच्या मजल्यावर काही नाही माझ्या. नजर शंकूवर नको. पुढच्या दोन शंकूंमधल्या फटीवर ठेवा. नजर जाते तिथे गाडी जाते."

निशाण पडलं. तिसऱ्या वळणापर्यंत माझं बरं चाललं होतं. टायर ओरडत होते, साधारण तीन हजार हर्ट्झ, आणि मी हसत होते हे मला त्याने सांगितलं म्हणून माहीत. मग मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मी वळून बघितलं. शंकू गडगडत होता. समोर बघेपर्यंत फट बाजूने निघून गेली होती आणि आम्ही मैदानाच्या रिकाम्या भागात होतो.

"वाट चुकली," माइक म्हणाला. "निकाल नाही."

त्याने हेल्मेट काढलं. केस सगळे उभे राहिले होते. "पडलेल्याकडे वळून बघायचं नाही. त्याला उचलायला माणूस उभा केलेला आहे."

मी त्या वाक्याचा आणखी काही अर्थ लावला नाही. घरी येताना सिग्नलला लावला.

आई त्या आठवड्यात गाडीत बसली तेव्हा तिने माझ्याकडे एकदा आडून बघितलं. मग पट्टा लावत म्हणाली, "पाय पोचतात का आता?"

"पोचतात."

"मग चल."

पुढचे तीन महिने एक रविवार सोडून एक असे गेले. मी शेवटून पहिली, मग शेवटून तिसरी, मग एकदा मधोमध आले. तो एकामागून एक पुस्तकं नेत होता. कधी लिफ्टच्या शाफ्टमध्ये बसून वाचली म्हणून ग्रीसचे ठसे उमटलेलं पान दाखवायचा आणि वर, "ठसा नाही, समीक्षा आहे," म्हणायचा. एकदा मधेच पाऊस आला. आम्ही दोघं एकाच वळणावर शंकूंना होतो. बाबांची लांब दांड्याची छत्री मी उघडली, त्याच्या डोक्याच्या वर धरायला मला हात पूर्ण उंच करावा लागला. त्याने दांडा माझ्या हातून घेतला... मग तो माझ्या बाजूला कलता धरला आणि स्वतः डावीकडून भिजत राहिला. ओल्या डांबरावरून गाड्या सुळकन जात होत्या.

"तुम्ही भिजताय."

"एकाच कानात पाणी जातंय. दुसऱ्याने ऐकतोय. बोला."

बोलायचं होतं ते असं होतं, की घरी गेल्यावर कधी कधी मी सीटखाली वाकून ती पिवळी रेघ बघते. आणि अलीकडे तीत मला बाबा आठवतात तसा, कपाळावर डाग घेऊन सीटखालून बाहेर येणारा माणूसही आठवतो. आणि याची मला थोडी लाज वाटते. एका रेघेत दोघं कसे मावायचे हे मला कळत नव्हतं.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी त्याची गाडी आलीच नाही. तो बसने आला, हेल्मेट मांडीवर घेऊन. गाडीची बॅटरी चार्ज होणं बंद पडलं होतं. नियमाने दोघांना एक गाडी चालते, एकाची फेरी झाली की दुसऱ्याने बसायचं.

"माझी घ्या," मी म्हटलं.

"नको."

"का?"

"नको म्हणजे... बघू."

माझी फेरी झाली. मी उतरले, तो बसला. म्हणजे बसण्याचा प्रयत्न केला. आधी डोकं, मग एक पाय, मग गुडघा स्टिअरिंगखाली अडकला आणि दुसरा जवळजवळ हनुवटीला टेकला. सीटखालच्या दांड्याकडे त्याने हात नेला नाही. मुडपलेल्या पानासारखा तो तिथे बसला आणि म्हणाला, "जमेल."

"क्लच शेवटपर्यंत दाबा," मी म्हटलं.

दाबायला गेला तर हॉर्न वाजला.

"मला सही करता येणार नाही," मी म्हटलं.

तो हसला, पण हलला नाही. "तुम्हाला विचारल्याशिवाय नाही ओढणार."

"मागे घ्या."

"किती?"

"पाय पोचतील तेवढी."

खट् खट् असा आवाज मी मोजला. सात... आठ. तिथे थांबला. बाबांच्या रेघेच्या एक दाता अलीकडे. त्याने पाय ताणून बघितले, मान डोलावली.

"एवढी पुरे मला."

एक दाता म्हणजे जेमतेम बोटभर अंतर. तेवढ्यात मला खूप मोकळी जागा दिसली.

"ते पेन द्या," मी म्हटलं.

"कसलं?"

"पिवळं."

मी डांबरावर आडवी झाले. टॉर्च त्याने धरला. सरकत्या पट्टीवरची रेघ जिथे आली होती, तिथे खालच्या पट्टीवर मी नवी रेघ ओढली. बाबांच्या शेजारी, त्यांना न लागता.

"ही कशाला?" वरून आवाज आला. हळू.

"परत आणता यावी म्हणून."

मी बाहेर आले. नाकाला रंग लागला होता, हे मला त्याच्या बघण्यावरून कळलं.

"सहजी जात नाही ही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"पुसायची तर थिनर लागतो."

"मला पुसायची नाहीये."

"पोरांनो," माइक म्हणाला, "उरलेलं दुपारी बोला. घड्याळ माझं चालू आहे."

मी जाकीट चढवून चौथ्या वळणावर गेले. निशाण पडलं. माझी गाडी इतकी नीट पळताना मी बाहेरून कधी बघितली नव्हती. पहिलं वळण, दुसरं, तिसरं, एकही शंकू हलला नाही. चौथ्याला त्याने फटीकडे बघायला हवं होतं. फट उजवीकडे होती. गाडी सरळ आली, बाहेरचा शंकू पाडला, आणि ब्रेक पुरते लागून माझ्यापासून चांगल्या वीस पावलांवर उभी राहिली.

"वाट चुकली," माइक म्हणाला. "निकाल नाही."

त्याने काच खाली केली. मी चालत जवळ गेले.

"नजर जाते तिथे गाडी जाते," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलं होतं."

"तेच तर झालं," तो म्हणाला. आणि मग, जरा थांबून, "तुझ्या नाकाला रंग लागलाय."

मी वळून बघितलं. शंकू आडवा पडला होता. त्याला उचलायला माणूस उभा केलेला होता, आणि तो मीच होते. मी परत गेले, शंकू त्याच्या चौकोनात उभा केला आणि मावशींना हात केला.