एरंडेल पाजलेली सवत

जुलेखानं एरंडेलाची अख्खी बाटली मोटारीच्या पोटात, क्लचच्या चामड्यावर रिती केली... आणि पदराला हात पुसून, काहीच घडलं नसल्यासारखी, लेकराला पाजत बसली!

दोन वर्षं ती ह्या तांबड्या मोटारीवर मनातल्या मनात जळत होती. शाहू महाराजांच्या त्या कोल्हापुरात मोटारी बोटावर मोजण्याइतक्या. त्यातली ही, कुण्या गोऱ्या साहेबानं शर्यतीत दामटून जुनी केलेली, तिच्या नवऱ्यानं, सिकंदर मिस्त्रीनं, हौसेपायी स्वस्तात घेतली. स्वस्त ती घेण्यापुरतीच! पोसणं मात्र राणीचं. एका टायरात जुलेखाच्या पाटल्या गेल्या, दुसऱ्यात बोरमाळ... आणि शाहूपुरीतल्या छपरात तो तिच्या क्लचच्या चामड्याला, मऊ राहावं म्हणून, थेंब थेंब एरंडेल चोळत बसे.

"माझ्या टाचा फुटल्यात, त्या दिसत न्हाईत व्हय?" ती म्हणे. तो नुसता हसे.

शेवटी त्यानं गाडी विकायला काढली. पण मलकापूरच्या नृसिंहराव इनामदारांचा निरोप जुलेखानं काल दाराआडून ऐकला : गाडी घेईन, पण मिस्त्रीसकट, मिस्त्री येणार नसेल तर निम्मीच किंमत. नवऱ्याचं उत्तर ऐकायला ती थांबलीच नाही. सवत जाणार, ती धन्याला घेऊनच!... तिचं काळीज करपलं होतं.

इनामदार आले. दारापुढच्या चढावर इंजिन गरजलं, पण गाडी जागची हलेना.

"मिस्त्री, मोटार हाय का बँडबाजा? नुसतीच वाजतीया की!" इनामदार म्हणाले.

जमलेले लोक खदखदले. सिकंदरनं गाडीतली पायाखालची फळी उचलली, तेलानं निथळणारं, पकड सुटलेलं चामडं पाहिलं, आणि एकदाच दाराकडे बघितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "माझ्याच हातनं तेल ज्यादा पडलं, सरकार."

सगळ्या गावात ज्याच्या हाताचं नाव, त्यानं ते असं मातीत घालावं... तिच्यासाठी! जुलेखाला राहवलं नाही. डोईवरचा पदर सावरत ती न्हाणीतली मुलतानी माती घेऊन धावली.

"ही टाका चामड्यावर, तेल वढून घील... मीच वतलं हुतं, सरकार! ही मोटार ह्यास्नी मलकापूरला न्हेणार हुती, मला आन् लेकराला टाकून!"

"खुळे," सिकंदर म्हणाला, "निम्मीच किंमत द्या, म्हणून कालच सांगितलं की मी..."

निम्मी! दोन वर्षांची हौस, तिचे दागिने, सारं निम्म्यावर सोडून हा माणूस घरी राहणार होता... आणि आपण काय करून बसलो!

मातीनं तेल शोषलं, गाडी चढ चढली, सौदा झाला. पण ती चालवणारा दुसरा कुठून आणायचा? इनामदारांनी बैलजोडी मागवली. वाऱ्याशी पैज लावणाऱ्या त्या गाडीला जू बांधताना सिकंदरनं तोंड फिरवलं.

जिच्या जाण्यासाठी नवस बोलली होती, तिची ही विटंबना जुलेखाला बघवेना.

"सोडा ती बैलं! अवो, मलकापूरपतुर तुमीच न्या तिला. अशी फरफटत नगा धाडू..."

सिकंदरनं डोळे पुसले. "एकला न्हाय जायाचो. बस."

दोन वर्षांत जिच्या गादीला तिनं हात लावला नव्हता, तिच्यावर ती लेकराला उराशी धरून बसली. नदीवरचा वारा तोंडावर आला तशी तिनं सिकंदरचा दंड गच्च धरला, आणि मग, डोळे गळत असतानाच, म्हणाली, "आणखी जरा पळवा की!"