मागची डावी काच

गाडीचा नंबर आणि दुकानाचं नाव मी सांगणार नाही. बाकी यातलं एक अक्षरही बदललेलं नाही.

हे पाहणारी माझ्याशिवाय आणखी माणसं आहेत. त्यातल्या एकाशी मी रोज बोलते.

अशा गोष्टी रात्री घडतात, असं आपण ऐकलेलं असतं. ही घडली भर दुपारी. गेल्या वर्षी, एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी, पावणेदोनच्या सुमारास, पालघर–बोईसर रस्त्यावर.

माझं नाव जागृती. आम्ही सातपाटीचे. बाबा आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटीवर गेले, आता घरी बसून जाळी दुरुस्त करतात. आईचं नाव पुष्पलता. तीस वर्षं तिने पालघरच्या बाजारात मासळी विकली.

उघड्या उन्हात बसून.

आणि पन्नाशी ओलांडल्यावर तेच ऊन तिला सोसेना. आधी गालावर लाल चट्टे आले. मग हातावर. मग सांधे धरले. बोईसरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजार आतला आहे, पण उन्हाने भडकतो.

"गाडीनेच आणते मी त्यांना," मी म्हणाले. मी तारापूरच्या एका कंपनीत लॅबमध्ये काम करते. जुनी गाडी नुकतीच घेतली होती.

डॉक्टर म्हणाले, "काचेतूनसुद्धा लागतं ऊन. काचांना चांगली फिल्म लावून घ्या."

त्याच दिवशी मी चंद्रभानच्या दुकानात गेले. बोईसरमध्ये पत्र्याची शेड, गाड्यांच्या काचा आणि सीटकव्हरची कामं. माणूस उत्तर प्रदेशचा, पण वीस वर्षं इथे राहून मराठी बोलतो.

त्याने नियम समजावला. पुढच्या आणि मागच्या काचेतून सत्तर टक्के उजेड आत यायला हवा. बाजूच्या काचांतून पन्नास. त्यापेक्षा काळी लावली तर पोलीस अडवणार.

मग त्याने एक नमुना काढला. एकदम पारदर्शक.

"दीदी, ही घ्या. उन्हातला त्रासाचा भाग सगळा अडवते. आत्ता लावून देतो, दोन तासांत."

मी तो नमुना काचेवर धरून पाहिला. फिल्म लावूनही लावल्यासारखी दिसत नव्हती.

मला थोडी राखाडी हवी होती. नियमात बसणारी, पण बाहेरून बघितलं की गाडी उठून दिसेल अशी. ती त्याच्याकडे नव्हती. मागवावी लागणार होती. "दहा दिवस," तो म्हणाला.

मी म्हटलं, मागवा.

दहाचे पंचवीस दिवस झाले.

त्या पंचवीस दिवसांत डॉक्टरांकडे जायचे चार मंगळवार आले. दुपारी सातपाटीहून निघायचं, पालघरला वळलं की बोईसरपर्यंत सूर्य डावीकडे. आई मागे डाव्या बाजूला टेकून बसायची, उजवीकडे टेकलं तर तिचा खांदा दुखायचा. पदराचं टोक ती काचेवर ताणून धरायची. एका हाताने. सगळा रस्ता.

गाडी खड्ड्यात गेली की तिच्या बांगड्या काचेवर आपटायच्या.

टिक... टिक.

"आई, हात दुखेल. मी टॉवेल अडकवते."

"टावेल नको. बाहेर काय दिसणार मंग?" पदर बाजूला करून ती मधेच रस्ता बघून घ्यायची. बाजाराजवळ ओळखीच्या बायका दिसल्या की हसायची. "आन काली फिल्म नको लावू हां. मानूस दिसला पायजे."

"काळी नाहीच लावणार. राखाडी येतेय."

"घाई नको करू, बाय. तुला आवडंल तीच लाव."

चौथ्या मंगळवारी तिच्या हातावर पाणी भरलेले फोड होते. पदर पातळ होता. डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. आजार किडनीवर गेला होता. मार्चच्या पाच तारखेला ती गेली.

फोडांमुळे काही झालं नाही, आजार आधीच वाढला होता, असं डॉक्टर म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले का, हे मला आजही माहीत नाही.

सहा मार्चला चंद्रभानचा फोन आला. "दीदी, तुमची राखाडी आली."

मी फोन ठेवून दिला.

एप्रिलमध्ये मी परत कामावर जायला लागले. दुपारची पाळी. पालघरहून दीपा माझ्या गाडीत बसायची. आम्ही एकाच लॅबमध्ये आहोत. ती पुढे, माझ्या शेजारी. मागची सीट रिकामी.

त्या मंगळवारी ती गाडीत बसता बसता थांबली.

"एकाच काचेला लावलीस होय फिल्म?"

"कुठे? लावलीच नाही."

"अगं मागे बघ की."

मी आरशात पाहिलं.

मागची डावी काच... बाकीच्यांपेक्षा काळपट होती.

मला वाटलं धूळ असेल. दीपाने उतरून रुमालाने पुसली. रुमाल स्वच्छच राहिला.

आम्ही निघालो. एसी नीट चालत नव्हता. पुढे घामाने कपडे अंगाला चिकटले होते. कोळगाव मागे पडलं तेव्हा दीपाने पाण्याची बाटली घ्यायला हात मागे नेला.

तो तिने तसाच ठेवला.

"जागृती... ही सीट गार आहे."

तेवढ्यात गाडी एका खड्ड्यातून गेली.

आणि मी ऐकलं.

टिक... टिक.

बोईसरच्या अलीकडे पोलिसांनी गाड्या बाजूला घेतल्या होत्या. हवालदाराने आमची गाडी बघताच हात केला.

"ताई, ती फिल्म काढायला लागेल."

"फिल्म नाहीये, साहेब."

त्याने नखाने काचेची कड खरवडून पाहिली. आतून पाहिली, बाहेरून पाहिली. मग उजेड मोजायचं छोटं यंत्र आणलं. तीन काचांवर आकडा आला सत्त्याहत्तर, शहात्तर, सत्त्याहत्तर.

चौथीवर आला एकतीस.

त्याने यंत्र पुसलं आणि परत लावलं. एकतीस.

"काचच तशी बसवलीय कुणीतरी," तो म्हणाला. "बदलून घ्या." दंड केला नाही. यंत्र डब्यात ठेवताना तो आपली बोटं चोळत होता, थंडीत चोळतात तशी.

पुढचे चार दिवस मी रोज बघत होते. सकाळी काच साफ. रात्री परततानाही साफ. पालघरला वळून डावीकडून ऊन आलं की सावली यायची. एकदम नाही... हळूहळू, कुणीतरी कापड ताणावं तशी. खालच्या बाजूला चुण्याही दिसायच्या.

दीपा रिक्षाने जायला लागली.

शनिवारी मी बाबांना सांगितलं. ते जाळं शिवत होते. सुई थांबली नाही. आई गेल्यापासून ते माझ्या गाडीत बसले नव्हते.

दोरा तोडताना म्हणाले, "मंगळवारी मी येतो."

मंगळवारी ते मागे उजवीकडे बसले. डावी सीट मोकळी ठेवून. पालघर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग गाडी बोईसरच्या रस्त्याला लागली.

ऊन आलं.

सावली आली.

मी आरशातून बाबांना बघत होते. ते घाबरले नाहीत. त्यांचा चेहरा... आई दवाखान्यातल्या खाटेवर होती तेव्हा होता, तसा झाला.

"बाबा?"

"ती पदर धरून हाय अजून," ते हळूच म्हणाले.

"तुम्हाला दिसतेय?"

"दिसत नाय. पन हाय."

मग त्यांनी डावा हात पुढे केला. तळवा वर. मोकळ्या सीटच्या वर, हवेत. कुणाचं कोपर दुखू नये म्हणून खालून आधार द्यावा तसा.

बोईसर येईपर्यंत त्यांनी तो हात खाली घेतला नाही.

मला पुढचं नीट दिसत नव्हतं. डोळे पुसत मी गाडी चालवत होते.

बोईसरला पोचल्यावर मी सरळ चंद्रभानकडे गेले. राखाडी नको म्हटलं. ती पहिल्या दिवशीची, पारदर्शक, ती लावा. मला वाटलं, ऊन अडलं की आई हात खाली घेईल.

चंद्रभानने तीन काचा केल्या. चौथीपाशी आल्यावर त्याने पाण्याचा फवारा मारला, हात ठेवला आणि माझ्याकडे वळून एकदम हिंदीवर आला.

"दीदी, इसपे पहले से कुछ है।"

"आतून?"

"ना अंदर, ना बाहर।" तो काचेकडे बघत राहिला. "बीच में।"

"तरी लावा."

त्याने लावली. रबराच्या पट्टीने पाणी सारत गेला, आणि पट्टीच्या मागे काच उजळत गेली. शेवटी त्याच्याकडचं उजेड मोजायचं यंत्र लावलं. चारही काचा सारख्याच आल्या.

बाबांनी मोकळ्या सीटवर हात ठेवला.

"तापली," ते म्हणाले.

सुटका झाली, असं मला वाटलं. बाबांना तसं वाटलं नाही. त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. जाळं मांडीवर घेऊन नुसते बसायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, "काढ ती."

"बाबा, आईला त्रास होत होता. तुम्हीच पाहिलंत."

"काढ, बाय."

मी चंद्रभानकडून काढून घेतली, फक्त त्या एका काचेची. पुढच्या मंगळवारी बाबांना घेऊन त्याच वेळी त्याच रस्त्याने गेले. ऊन आलं. सरळ आत आलं, सीटवर पडलं. सीट तापत राहिली. बाबा हात पुढे करून बसले होते.

काही आलं नाही.



दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभानचा फोन आला.

"दीदी, वो फिल्म आके ले जाओ."

"टाकून द्या ना."

"नहीं. आप ले जाओ. आजच."

त्याच्या शेडमध्ये भट्टीसारखं गरम होत होतं. एका कोपऱ्यात ती काढलेली फिल्म गुंडाळून ठेवली होती. त्या कोपऱ्यात दुकानातलं मांजर झोपलेलं होतं. तेवढीच जागा गार होती.

चंद्रभानने फिल्म उजेडात धरली. कडेने पारदर्शक... आणि मधे काळपट. कापडाच्या चुण्यांसारख्या रेषा.

त्याने यंत्र लावलं नाही. मीही लावा म्हटलं नाही.

घरी येताना ती खाडीत टाकावी, असं मनात आलं. टाकता आली नाही. बाबा दारातच उभे होते. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी ती गुंडाळी माझ्या हातातून घेतली.

मागच्या खोलीला पश्चिमेची एक खिडकी आहे. बाबांनी तिच्या काचेवर ती फिल्म चिकटपट्टीने लावली. खाली चटई टाकली. दुपारी ते तिथेच झोपतात. शेजारच्या रखमाबाई एकदा सुपारी मागायला आत गेल्या होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "खोली कशी गार ठेवलीत हो." त्यानंतर त्या दारातूनच हाक मारतात.

बाबा आता नीट जेवतात. जाळी शिवतात. कधीकधी हसतातही.

मी सकाळची पाळी मागून घेतली. त्या रस्त्याने दुपारचं जाणं नको होतं. आता तीन-साडेतीनला मी घरी असते, पण मागच्या खोलीत जात नाही. माझी आई होती ती. तरीही जात नाही.

गेल्या रविवारी पाहुणे आले म्हणून बाबांना उठवायला गेले. दार लोटलेलं होतं. आतून बाबांचा आवाज येत होता. झोपाळू, मऊ. आईशी बोलायचे तसा.

"दमलीस ना?"

मग चटईवर कूस बदलल्याचा आवाज.

"हात बदल."

दाराच्या फटीतून जमिनीवरचा उजेड दिसत होता. त्यात एक सावली होती. ती... हळूहळू खाली आली. क्षणभर सगळी जमीन उन्हाने भरली.

मग दुसऱ्या बाजूने सावली वर चढली.

मी पाहुण्यांना सांगितलं, बाबा झोपलेत.

आता तिला ऊन काहीच करू शकत नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. हात खाली घे म्हणायला हवं. बाबांना हे कळतं, मला खात्री आहे. ते सांगत नाहीत.

आणि मी रोज दुपारी त्या दारापर्यंत जाते... आणि परत येते.