शेवंताची माती

माही बहीण शेवंता भीमगीतं गायची. जबलपूरपासून नागपूरपर्यंत तिच्या कॅसेटी वाजत. जबलपूरले घराजवळ, राइट टाउनात, आम्ही ऑटोतून उतरलो की पानठेल्यावरची पोरं "जयभीम, दीदी!" ओरडत आणि ती पदर सावरून हात जोडे. घरात मात्र आम्ही दोघी विधवा बहिणी भाजीतल्या मिठावरून कचाकचा भांडायचो.

अशा बाईचं मरण तिच्या पोरानं, चंद्रशेखरनं, चोरीचा माल लपवावा तसं उरकलं. सकाळी म्हणाला, "आई गेली." दुपारी माती. डॉक्टर नाई, पेपरात बातमी नाई. नागपूरहून माणसं निघाली होती, त्यांच्यासाठीही थांबला नाई. आंघोळ घालायलाही मले आत येऊ देईना. आमच्यात बाईले बायाच न्हाऊ घालतात. मी त्याले ढकलून आत घुसली, नवी पांढरी साडी नेसवली, कमरेशी गाठ मारली.

तेव्हा तिच्या कपाळावर घाम दिसला. पुसला. पुन्हा आला.

"काहून रे, डॉक्टर काहून नाई बोलावला?"

"बर्फाचं पाणी हाय ते, मावशी. चलो, उशीर होऊन राहिला."

बर्फ तर घरात आलाच नव्हता! मी आरडाओरडा केला, पण बायांनी मले धरून ठेवलं. रडून रडून अंजनीचं डोकं फिरलं, म्हणाल्या.

भूतखेत आम्ही मानत नाई. मले भीती होती ती एकाच गोष्टीची. शेवंताले जितीच तर पुरली नाई? रोज मसणात जायची. ऐन मे महिना, सगळी जमीन तडकलेली, आणि तिच्यावरची माती ओली. हारातला झेंडू तस्साच टवटवीत. मातीले तिच्या केसांच्या तेलाचा वास येत होता.

मी सिविल लाइंसच्या कलेक्टर ऑफिसात ठिय्या दिला. साहेबानं वैतागून उकरायचा हुकूम दिला. चंद्रशेखर माह्या पाया पडला.

"नको उकरू, मावशी. तुह्यासाठी सांगून राहिलो."

"माह्यासाठी? लाज वाटते का रे!"

सकाळच्या उन्हात दोन मजुरांनी माती काढली. सरकारी डॉक्टर काठावर उभे. पांढरी साडी दिसली, कोरी करकरीत. आत नुसती हाडं. पिवळी, वाळलेली.

"आठ दिन?" डॉक्टर म्हणाले. "ये तो बीस-पच्चीस साल पुरानी हड्डियाँ हैं."

"बाई बदलली यानं!" मी चंद्रशेखरची कॉलर धरली.

त्यानं खाली बोट दाखवलं. हाडांभोवती मी मारलेली गाठ होती. माहीच. तशीच घट्ट.

"म्हणून डॉक्टर नाई बोलावला," तो म्हणाला. "मले लहानपणापासून माहीत हाय."

मागच्याच महिन्यात सिहोऱ्यात तिनं अख्खा मंडप रडवला होता. आदल्या रात्री माह्या हातची पोळी खाल्ली होती.

मी खाली बसली.

डॉक्टरांनी माहं मनगट धरलं. बोटं जरा सरकवली.

दुसरं मनगट धरलं.

मग गळ्याशी दोन बोटं टेकवली, आणि बराच वेळ तशीच ठेवली.

चंद्रशेखर माह्याकडे न बघता मजुरांना म्हणाला, "भैया, अभी मिट्टी मत डालना."