उलटशांती

२०६८ साली भूक लपवायची सोयच उरली नव्हती! कपाळाला भूकपट्टी लावली, की पोट रिकामं झाल्यावर मेंदू आत जो आरडाओरडा करतो, तो रंगात दिसायचा. मिरजेच्या संशोधन केंद्रात नाश्ता न करता आलेल्या शिंत्रे कुटुंबातल्या बहुतेकांच्या पट्ट्या लालभडक पेटल्या होत्या.

"डॉक्टर, आता मी कोणाला तरी चावेन," बाबा म्हणाले.

ही सगळी तपासणी त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीसाठी, ऋत्वीसाठी होती. तिला मुद्दाम उपाशी ठेवावं लागलंच नव्हतं. अन्न नकोसं करणाऱ्या आजाराने तिला इतकं पोखरलं होतं, की जिना चढताना ती मध्येच बसायची. नातेवाईक म्हणायचे, नखरे आहेत. आणि आज तिची पट्टी चक्क निळीशार, म्हणजे आत सगळं शांत!

पण खोलीत अजून एक पट्टी निळी होती. बाबांच्या थोरल्या बहिणीची, मालूआत्याची.

"मला कसला आजार?" आत्या फणकारली. "आमच्या घरात असलं काही नाही. एकादशी, चतुर्थी, सोमवार, सगळं निर्जळी करते मी. ठणठणीत आहे!"

डॉ. नाझनीन तांबोळी खुर्चीतून उठल्याच. "काही माणसांमध्ये अनेक जनुकांतले बारीक बारीक फरक एकत्र येतात आणि भुकेची तार उलटी जोडली जाते. उपाशी राहिलं की तगमग व्हायच्या ऐवजी मन शांत होतं. आम्ही त्याला उलटशांती म्हणतो. ऋत्वीला ती सोडवत नाही. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी पोटभर जेवता. म्हणजे तुमच्यात काहीतरी लगाम आहे. तो सापडला, तर हिचं औषध बनेल."

"मग घ्या की रक्त!"

"रक्ताने भागणार नाही. तुमची उलटशांती बंद करून बघावी लागेल."

आत्या हळूच म्हणाली, "उपासाच्या संध्याकाळी देवापुढे बसते ना, तेव्हा आत गार गार होतं. कोणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं. ते जाईल?"

"जाईल. परत येईलच, असं नाही सांगू शकत."

"नको गं आत्या," ऋत्वी म्हणाली. काय जाणार आहे, हे खोलीत फक्त तिलाच कळलं होतं.

"गप बस. जिना चढवत नाही आणि मला शिकवते!" आत्याने बाही वर केली.

लगाम सापडला. औषध बनलं. हळूहळू ऋत्वीला भूक लागायला लागली. एका सकाळी तिने बाबांच्या ताटातलं थालीपीठ पळवलं, तर भांडायचं सोडून बाबा रडत बसले!

पुढच्या एकादशीला संध्याकाळी आत्या देवापुढे बसली होती. ऋत्वी जवळ जाऊन टेकली.

"काय होतंय, आत्या?"

"भूक लागलीय. नुसती भूक." आत्या तिच्याकडे वळली. "खरं सांग. तुझ्याशेजारी पण कोणी येऊन बसायचं का गं?"

"यायचं की. म्हणायचं, जेवू नकोस."

आत्या देवाकडे बघत राहिली. मग ऋत्वीच्या अगदी जवळ सरकून तिने विचारलं,

"माझ्याशी तो कधी बोललाच नाही. आवाज कसा होता त्याचा?"