एकेचाळीस नोंदी

दुरुस्तीवाला वर्गात शिरला तेव्हा प्रोजेक्टर बंद होता आणि शिकवणे चालू होते. फळ्यावर प्राध्यापिकेने खडूने पंधरा ओळींचा तक्ता आखला होता. रेघा इतक्या सरळ, की तो हत्यारांची पेटी हातात धरून दारातच थांबला.

"या ना. शिडी मागच्या कोपऱ्यात आहे," ती म्हणाली. "मुलांनो, त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघा."

मुलांनी अर्थातच त्याच्याकडे पाहिले.

अकाउंट्सच्या शेवटच्या वर्षाचा वर्ग होता आणि विषय होता डेटा ॲनालिटिक्स. ढीगभर नोंदी चाळायच्या आणि धंद्यात नेमके काय घडले ते शोधायचे. त्यासाठी पुस्तकात एक साबणाची कंपनी दिलेली होती. तास संपला, मुले पांगली. शिडीवरूनच तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या साबणवाल्यांचं सगळंच कसं जुळतं हो?"

"पुस्तकातले आहेत ते."

"मग खरी कंपनी घ्या की."

"खऱ्या कंपनीच्या नोंदी मला कोण देणार? तुम्ही?"

"देतो," तो म्हणाला... आणि स्वतःच दचकला.

नोंदी त्याच्याकडे खरोखरच होत्या. कपबश्यांचा एक कारखाना बंद पडला, तेव्हा तिथले जुने संगणक त्याने मोडीत घेतले होते. एकात गोदामाची तीन वर्षांची फाइल तशीच राहिली होती. मालकाला विचारले तर तो म्हणाला, "घे बाबा. आता लपवायला उरलंय काय?" त्या गोदामाचा स्टोअरकीपर म्हणजे दुरुस्तीवाल्याचे वडील. बावीस वर्षे चोख नोकरी केलेला माणूस. आठ वर्षांपूर्वी बाहेरच्या तपासनिसांनी ठरवले, की हा ऑर्डर यायच्या आधीच माल बाहेर काढतो. वडिलांनी राजीनामा लिहून दिला, घरी आले, आणि त्या विषयावर पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. बाजारात जायचे तर लांबचा रस्ता धरायचे, कारण जवळच्या रस्त्यावर जुने सोबती भेटत.

हे त्याने तिला सांगितले नाही. माणसांची नावे काढून नुसती फाइल दिली. त्याला दया नको होती. बाप चोर आहे की नाही, एवढेच हवे होते.

पुढचे चार गुरुवार प्रोजेक्टर दर वेळी थोडासा बिघडत राहिला. तो मागच्या बाकावर बसे. मुले त्याला 'प्रोजेक्टरकाका' म्हणू लागली.

"मी चौतीसचा आहे," एकदा त्याने तिच्याकडे तक्रार केली.

"मग काय 'प्रोजेक्टरदादा' म्हणू दे?"

"तुम्ही काय म्हणाल?"

तिने डस्टर झटकला. खडूची धूळ दोघांच्या मधे तरंगत राहिली. "मी... मी म्हणेन, तो प्रोजेक्टर एकदाचा नीट करा." पण त्या दिवशी कँटीनमधून दोन चहा आले होते, आणि ते तिनेच सांगितलेले होते.

चौथ्या गुरुवारी वर्गात गलका झाला. दोनशे तीस खेपांपैकी एकेचाळीस खेपा ऑर्डरच्या आधी गोदामातून गेलेल्या निघाल्या. काही तर कित्येक महिने आधी.

"सापडला! स्टोअरकीपर!" पुढच्या बाकावरून आवाज आला.

"आणि जवळजवळ तितक्याच खेपा चार-चार महिने उशिरा गेल्यात. म्हणजे चोर तो चोर, वर आळशी!"

वर्ग खदाखदा हसला. एका मुलीचा हात मात्र वरच होता. सगळे तिला 'शंकेखोर' म्हणत. "मॅडम, यातला बराच माल रविवारी गेलाय. कारखाना तर रविवारी बंद असायचा ना?"

प्राध्यापिकेने घड्याळ पाहिले. "चोरी सुट्टीच्याच दिवशी सोपी असते. चला, निष्कर्ष लिहून घ्या."

फळ्यावर ती निष्कर्ष लिहीत होती तेव्हा मागचे बाक सरकल्याचा आवाज झाला. पेटी तिथेच टाकून तो निघाला होता. ती जिन्यापर्यंत मागे आली.

"काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"तो स्टोअरकीपर..." त्याने कठडा धरला. "माझे वडील आहेत."

ती एक पायरी खाली उतरली. मग म्हणाली, "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही हात राखून तपासलं असतं."

"नसता राखला हात." आवाज हलका होता, पण शब्द ठाम. "मी पुन्हा पाहीन, एकटी. पण उत्तर तेच आलं, तर ते बदलून देणार नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही."

त्या 'तुमच्यासाठीसुद्धा'वर दोघेही क्षणभर अडखळले. मग तो पायऱ्या उतरून गेला.

सोमवारी दुपारी ती त्याच्या दुकानात आली. उघड्या टीव्हीचे सुटे भाग बाजूला सारून तिने लॅपटॉप ठेवला. डोळ्यांखाली जागरण होते.

"एकेचाळीसपैकी चाळीस नोंदी महिन्याच्या एक ते बारा तारखांच्या आहेत. तेरा तारीख उजाडली की तुमचे वडील एकदम साधू होतात. असं कसं?"

"मला काय कळणार त्यातलं?"

"मलाच चार दिवस लागले. ते तारीख आकड्यात लिहायचे. आधी दिवस, मग महिना. ऑफिस ऑर्डरवर महिना अक्षरात लिहायचं. आमच्या संगणकाने आकड्यांतला पहिला आकडा महिना धरला. तीन जुलै झाली सात मार्च, म्हणजे ऑर्डरच्या चार महिने आधी. उलट सात मार्चची झाली तीन जुलै, म्हणून ते आळशी ठरले. बाराच्या पुढे महिनाच नसतो, म्हणून त्या तारखा आपोआप नीट राहिल्या. आणि रविवार? तारीखच खोटी, मग वार खरा कुठून येणार?"

"म्हणजे तेव्हाच्या तपासनिसांनीही..."

"त्यांची यादी मी कारखान्याच्या मालकांकडून मागवली. हीच यादी आहे, ओळीला ओळ." ती थांबली. "पहिल्या तासाला तारखा तपासायच्या असतात. मी 'पुढे चला' म्हणाले. ती पोरगी विचारत होती, तिला गप्प केलं मी. गुरुवारी वर्गासमोर हे सांगणार आहे."

त्याने डोळे पुसले, बाहीनेच. "झालं तर मग. सुटले बाबा."

"नाही," ती म्हणाली. "एक उरलीये. एकोणीस तारखेची. ती कशीही फिरवली तरी ऑर्डरच्या एक दिवस आधीच जाते."

"एकच तर आहे, मॅडम. सोडून द्या ना," तो चिडून म्हणाला.

"सोडली, तर बाकीच्या चाळिसांवर कोण विश्वास ठेवेल?" तिने लॅपटॉप मिटला. "घरी आहेत का ते?"

वडील खिडकीपाशी चष्मा पुसत बसले होते. तिने सगळे सांगितले, एक आकडाही न गाळता. ते ऐकत राहिले. चाळीस नोंदी निघून गेल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हलले नाही. एकोणीस तारीख ऐकली आणि त्यांनी चष्मा घातला.

"ती मीच दिली," ते म्हणाले. "गाडी त्याच गावाला चालली होती, रिकामी. ऑर्डर सकाळी येणार हे ठाऊक होतं. आली पण. पण नियम मोडला तो मोडलाच."

"बाबा, तेव्हा हे सांगायचं नाहीत का?"

"सांगितलं ना! त्यांनी विचारलं, ऑर्डरच्या आधी माल दिलास का? मी म्हटलं, दिला. ते म्हणाले, कबूल आहे ना? म्हटलं, कबूल. मी एक कबूल केली रे... त्यांनी एकेचाळीस लिहिल्या. मला वाटलं, मशीन सांगतंय, आपलंच डोकं चळलं असेल. आठ वर्षं मी त्या चाळीस आठवतोय."

त्यांनी चष्मा पुन्हा काढला. मग वडील तिच्याकडे वळले. "गुरुवारी किती वाजता असतो तुमचा तास?"

"अकरा वाजता."

"मी येतो. चाळीस तुम्ही सांगा, एक मी सांगेन." आणि मुलाकडे पाहत, "यांना खालपर्यंत सोडून ये. जिन्यात एक पायरी मोडकी आहे."

मोडकी पायरी केव्हाच मागे पडली, तरी त्याने धरलेला तिचा हात सुटला नाही. तिनेही सोडवून घेतला नाही.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "म्हणजे... विचारायचंय. लग्न कराल माझ्याशी?"

ती एका पायरीवर थांबली. "हे कधी ठरवलंत?"

"दुकानात. मी सोडून द्या म्हणालो आणि तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा."

"तेव्हा तर तुम्ही रागावला होतात."

"रागावलो होतो," तो म्हणाला. "म्हणूनच लक्षात राहिलं."

तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ती हसली. "हो," ती म्हणाली. "पण गुरुवारनंतर घरी सांगू. गुरुवार तुमच्या बाबांचा आहे."